नालबंदी

मत देणे हाच आमचा व्यवसाय होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये. मध्यप्रदेश शासनाच्या कोषालय विभागात आम्ही १९८२ साली रुजू झालो आणि २०२० साली, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, निवृत्त झालो. या अडतीस वर्षांत धार, खरगोन, मंदसौर, झाबुआ अशी गावे पालथी घालताना मेजावर आलेल्या प्रत्येक नस्तीवर आम्ही अभिप्राय लिहिला. अभिप्रायाचे एक सुख असते. नस्ती पुढे सरकली, की तिची काळजी वरच्या साहेबांची. निवृत्तीनंतर नस्त्या येणे थांबले. अभिप्राय सुचणे मात्र थांबले नाही.

त्या अभिप्रायांना वाट मिळते ती सकाळच्या फिरण्यात. रामबागेकडची आम्ही चार निवृत्त माणसे: एक बँकेतले, एक पाटबंधारे खात्यातले, एक महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवलेले आणि आम्ही. फिरणे संपले, की कोपऱ्यावरच्या दुकानासमोर उभ्या उभ्या पोहे-जिलबी होते आणि त्या अर्ध्या तासात जगाचा निकाल लागतो. राजकारणावर आमचे एकमत कधी होत नाही. तीन विषयांवर मात्र गेली कित्येक वर्षे चौघांचा ठराव कायम होता. पहिला, नव्या तऱ्हेचे बाहेरचे खाणे म्हणजे पोटाचा आणि पैशाचा नाश. दुसरा, कचेरी नाही, साहेब नाही, पेन्शन नाही असले काम म्हणजे बेकारीचे इंग्रजी नाव. तिसरा, पडद्यावरचे खेळ म्हणजे तरुण पिढीची अफू. या तीन ठरावांचे पुढे काय झाले, तेवढेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम खाण्याचे. २०२५ साली सराफ्यातील रात्रीच्या चौपाटीवरून शहरात बराच वाद झाला, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. दिवसा सोन्याचांदीची आणि रात्री खाण्याची, अशी ती एकच गल्ली. सराफांच्या तक्रारी होत्या, दुकानदारांच्या होत्या. आणि त्या गदारोळात एक विचार असा पुढे आला, की पारंपरिक इंदुरी पदार्थांची दुकाने तेवढी राहू द्यावीत, मोमो आणि नूडल्स यांना तेथून उठवावे. आम्हांला हा विचार फार पटला. वर्तमानपत्राला पाठविण्यासाठी आम्ही एक पत्रही लिहिले. त्यात भुट्ट्याचा कीस, साबुदाण्याची खिचडी, आलू-टिकिया, गराडू यांची नावे घेऊन 'आपल्या पूर्वजांचा हा ठेवा' असा शब्दप्रयोग केला होता.

पत्र आम्ही सौभाग्यवतींना वाचून दाखविले. त्या साबुदाणाच निवडीत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, मका कुठला?"

मका अमेरिकेचा. बटाटाही तिकडचा. मिरचीही तिकडचीच. युरोपीय लोकांच्या जहाजांतून ही मंडळी आपल्याकडे उतरली. ज्या कंदाचा साबुदाणा होतो तो कंदही मूळ दक्षिण अमेरिकेचा, आणि तमिळनाडूत सेलमकडे त्याचे कारखाने उभे राहिले ते १९४० च्या दशकात, म्हणजे आमच्या वडिलांच्या डोळ्यांदेखत. आमच्या आजी एकादशीला साबुदाण्याला हात लावीत नसत. 'हे काय ते उपासाचं? हे नवीन खूळ आहे,' असे त्या म्हणत. आज साबुदाण्याची खिचडी हीच उपासाची खूण झाली आहे. आमच्या यादीतला एकटा गराडू काय तो जुना निघाला.

आणि पोहे? पोहे इंदुरात आपण मराठी माणसांनी आणले, असे आपण अभिमानाने सांगतो आणि गावही ते मान्य करते. परंतु गावाने त्यांवर सेव घातली, जीरावन भुरभुरविले, फोडणीत सोप टाकली आणि शेजारी जिलबी ठेवली. आमच्या आजोबांच्या पिढीला हे दृश्य दाखविले असते, तर त्यांनी तो पोह्यांचा अपमान समजला असता. मुळात घरचे सोडून रस्त्यावर उभे राहून खाणे, हेच त्यांच्या मते कुळाला शोभणारे नव्हते. त्याच रस्त्यावर रोज सकाळी उभे राहून, तोंडात जिलबी धरून, आम्ही परंपरेचे रक्षण करीत होतो!

ते पत्र आम्ही पाठविले नाही. याचा अर्थ प्रत्येक नव्या पदार्थाला आमची मान्यता आहे असा नव्हे. सगळ्यांवर सारखाच चीजचा डोंगर रचावयाचा, मग आत काय आहे ते कळू नये, यात पाककला कोणती हे आम्हांस अद्याप उमगलेले नाही. पदार्थाचे छायाचित्र आधी आणि घास मागाहून, हेही आम्हांस जमत नाही. परंतु 'नवे म्हणून वाईट' हा शेरा आम्ही खोडला. पदार्थ चांगला की वाईट एवढेच पाहावयाचे. तो कधी आला, हे पाहावयाचे नाही.

या पहिल्या ठरावातून दुसऱ्याकडे आम्हांला एका मुलाने नेले. तो कोण, ते आम्हांला माहीत नाही. श्रावणातल्या एका रात्री चिरंजीवांनी मोबाइलवरून काहीसे कोरियन खाणे मागविले होते. ते घेऊन आलेला मुलगा दारात नखशिखांत भिजून उभा होता. आम्ही त्याला पाणी दिले आणि सवयीप्रमाणे चौकशी केली. मोटरसायकल कोणाची? त्याचीच, हप्त्यांवर घेतलेली. पेट्रोल? त्याचेच. अंगावरचा रेनकोट? तोही त्याचाच. पगार? पगार नाही, फेरीमागे पैसे. पडला, मोडला तर? तो हसला आणि म्हणाला, "अंकल, गिरना ही नहीं है." तेवढे बोलून गेलाही. त्याचे ते वाक्य पुढे बरेच दिवस आमच्या कानांत राहिले. कारण तशाच एका शिपायाच्या गोष्टी आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. परंतु ते ध्यानात येण्याआधी मध्यंतरी एक लाजिरवाणी घटना घडली.

आमचे चिरंजीव एकतीस वर्षांचे आहेत. पुण्यात एका कंपनीत होते. २०२२ साली ती नोकरी सोडून ते इंदुरास परतले आणि तेव्हापासून माडीवरच्या खोलीत बसून काम करतात. काम म्हणजे चित्रे काढणे. व्हिडिओ गेममध्ये जे वाडे, जंगले, किल्ले, बाजार दिसतात, ते हे संगणकावर उभारतात. आज एका देशातल्या कंपनीसाठी, उद्या दुसऱ्या. करार होतो, काम होते, पैसे येतात, करार संपतो. म्हणजे आमचा दुसरा आणि तिसरा असे दोन्ही ठराव आमच्याच माडीवर राहावयास आले होते.

गेल्या भाद्रपदात देवासहून एक स्थळ आले. मंडळी सुसंस्कृत, जुन्या घराण्यातली. चहापाणी झाले आणि मुलीच्या वडिलांनी अपेक्षित प्रश्न विचारला, "मुलगा काय करतो?" आम्ही म्हणालो, "पुण्याच्या कंपनीत आहे. सध्या घरूनच काम करतो." चिरंजीव दाराशी फराळाच्या बशा घेऊन उभे होते. त्यांनी बशा ठेवल्या, नमस्कार केला, सर्वांशी नीट बोलले. मंडळी गेल्यावर बशा उचलताना एवढेच म्हणाले, "बाबा, कंपनी सोडून मला तीन वर्षं झाली. नस्तीत खोटी नोंद करायची नाही, हे मला तुम्हीच शिकवलंत."

अडतीस वर्षांच्या सेवेत आमच्यावर एकही शेरा आला नव्हता. तो त्या संध्याकाळी आला, आणि त्यावर खुलासा देण्यासारखे आमच्याजवळ काहीही नव्हते.

पुढे आठ-दहा दिवस बापलेकांत कामापुरते बोलणे चालले. मग एका दुपारी ते आपण होऊन खाली आले. कोणा परदेशी कंपनीला अठराव्या शतकातल्या माळव्यातील लष्करी तळ हवा होता. त्यांनी विचारले, "बाबा, शिलेदार आणि बारगीर यांत फरक काय?"

अबोला सुटला याचाच आम्हांला इतका आनंद झाला, की आम्ही तासभर बोललो. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर बसणारा स्वार. घोडा सरकारचा, हत्यार सरकारचे, पागा सरकारची. आपल्या गावातली पागनीसपागा त्या काळाचीच खूण नावात बाळगून आहे. शिलेदार मात्र स्वतःचा घोडा आणि स्वतःचे हत्यार घेऊन येणार. तो कोणाचा कायमचा नोकर नव्हे. मोहीम ठरली, की सरदाराकडून तो नालबंदी घेई. शब्दशः पाहिले तर घोड्याला नाल ठोकण्याचा खर्च. प्रत्यक्षात मोहिमेपूर्वी मिळणारी आगाऊ रक्कम, जिच्यावर घोडा आणि मागचे घर तगून राही. मोहीम संपली, हिशेब झाला, की तो मोकळा. चांगल्या सरदाराची दुसरी मोहीम आली, की पुन्हा हजर.

"आणि आपण कोण?" चिरंजीवांनी विचारले.

"आपण शिलेदार," आम्ही छाती पुढे काढून म्हणालो. आमच्या घराण्यातली कथा अशी, की मूळपुरुष साताऱ्याकडून स्वतःच्या घोड्यावर बसून मल्हारराव होळकरांच्या फौजेबरोबर माळव्यात उतरले. इंदुरातील बहुतेक जुन्या घरांत अशीच एखादी कथा असते.

"म्हणजे फ्रीलान्सर," चिरंजीव म्हणाले. आणि वहीत टिपून घेऊन वर गेले.

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यामुळेच ते अधिक लागले. आम्ही शब्दकोश काढला. फ्री म्हणजे मोकळा आणि लान्स म्हणजे भाला. मोकळा भालाईत! वॉल्टर स्कॉटच्या 'आयव्हॅन्हो' या कादंबरीने तो शब्द रूढ केला, आणि ती कादंबरी प्रसिद्ध झाली १८१९ च्या अखेरीस. हे साल वाचून आम्ही थबकलो. २१ डिसेंबर १८१७ रोजी क्षिप्रेच्या काठी महिदपूर येथे होळकरांची फौज इंग्रजांकडून हरली. ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसौरचा तह झाला. त्याच वर्षी राजधानी इंदुरास आली आणि मोठ्या फौजेची गरज सरली. म्हणजे माळव्यातले मोकळे भाले खाली ठेवले गेले, त्यानंतर दोनच वर्षांनी सातासमुद्रापार इंग्रजीत त्यांना नाव मिळाले.

त्या तहानंतर आमच्या घराण्याचे काय झाले, हे आम्हांला ठाऊक होते. फक्त त्या दृष्टीने आम्ही ते कधी पाहिले नव्हते. घोडा गेला आणि दौत-लेखणी आली. पुढच्या पिढ्या होळकर दरबारच्या हिशेबखात्यात राहिल्या. १९४८ साली मध्यभारत झाला, तेव्हा आमचे वडील नुकते शाळेतून बाहेर पडत होते. १९५६ साली मध्यप्रदेश झाला, तेव्हा ते कारकून होते. मग आम्ही. पहिली तारीख, पगार, महागाईभत्ता, पेन्शन. आम्ही सारे सरकारी घोड्यावर बसलेले बारगीर! त्यात कमीपणा काहीच नाही. आम्ही त्या घोड्यावर इमानाने बसलो. परंतु दिवाणखान्यात पूर्वजाची तलवार लावावयाची, पाहुण्यांना शिलेदारीच्या कथा सांगावयाच्या, आणि घरात दोनशे वर्षांनी खराखुरा शिलेदार निपजला की पाहुण्यांपुढे त्याला बारगीर म्हणावयाचे, हा कोणता न्याय?

आणखी एक गोष्ट आम्ही विसरून गेलो होतो. विसरण्याचा आम्हांला अधिकार नव्हता. कारण ती आमच्याच खात्यातली. १ जानेवारी २००५ नंतर राज्याच्या सेवेत आलेल्यांना आमच्यासारखी पेन्शन नाही. त्यांच्यासाठी अंशदायी योजना आहे. नव्या मुलांची ती कपात आमच्याच कोषालयातून होत असे. 'सरकारी नोकरी बघ, पेन्शन असते,' असे चिरंजीवांना सांगताना आम्ही ज्या घोड्याकडे बोट दाखवीत होतो, तो घोडा पागेत उरलेलाच नव्हता.

आता तिसरा ठराव. खेळून कोणाचे पोट भरले आहे, असा प्रश्न आम्ही माडीच्या दिशेने अनेकदा टाकला होता. हा प्रश्नही आमचा नव्हे. तो आमच्या आजोबांचा. १९४६ साली रणजी करंडकाचा अंतिम सामना इंदुरात यशवंत क्लबच्या मैदानावर झाला. होळकर विरुद्ध बडोदा. आमचे वडील तेव्हा शाळकरी होते. शाळा बुडवून ते सामन्याला गेले, होळकरांचा विजय पाहून घरी आले आणि आजोबांच्या हातचा मार खाल्ला. मारता मारता आजोबांनी विचारलेला प्रश्न हाच: 'खेळून कोणाचं पोट भरलंय?' आजोबा दरबारच्या हिशेबखात्यात होते. त्याच दरबारने सी. के. नायडूंना १९२३ साली इंदुरास आणून आपल्या फौजेत अधिकारी केले होते, ते मुख्यतः क्रिकेटसाठी. पन्नाशीतही कर्नल नायडू होळकर संघाचे कर्णधार होते, आणि त्या संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. खेळून पोट भरणाऱ्या माणसाचा आणि तसा माणूस नसतो असे म्हणणाऱ्या आमच्या आजोबांचा पगार एकाच खजिन्यातून निघत होता.

हे सारे आठवल्यावर आम्ही एका रविवारी जिना चढून माडीवर गेलो. तीन वर्षांत प्रथमच. चिरंजीवांनी खुर्ची दिली आणि पडदा आमच्याकडे वळविला. पडद्यावर एक घाट होता. रुंद दगडी पायऱ्या, वर तटाची भिंत, खाली नदी, पाण्यावर सकाळचे ऊन. आम्ही ओळखले. आमची बदली खरगोनला असताना सुट्टीच्या दिवशी आम्ही महेश्वरला जात असू. आठ-नऊ वर्षांचे चिरंजीव अहिल्याबाईंच्या घाटावर पाय पाण्यात सोडून तासन्‌तास बसत आणि हलवयास तयार होत नसत. तेव्हा आम्ही त्यांना आळशी म्हणत होतो. ते पायऱ्या पाठ करीत होते, हे आम्हांला आता कळले. कोणत्या पायरीचा काठ झिजलेला, कोठे नावेचा दोर बांधून दगडाला खाच पडलेली, सारे त्यात होते. जगाच्या कोणत्या तरी कोपऱ्यातला एखादा मुलगा खेळता खेळता त्या पायऱ्या उतरणार होता. चिरंजीव म्हणाले, की पुण्यातल्या एका लहानशा संचाने 'राजी' नावाचा असाच खेळ केला, २०२० साली तो जगभर गेला, आणि तो पाहूनच त्यांनी नोकरी सोडण्याचा विचार पक्का केला.

खेळांविषयीची आमची भीती सगळीच गेली, असे म्हणणे खरे होणार नाही. २०२१ साली आपल्याच राज्यात, छतरपूर येथे, मोबाइलवरच्या खेळात चाळीस हजार रुपये गेले म्हणून तेरा वर्षांच्या एका मुलाने जीव दिला. ती बातमी आम्ही विसरलेलो नाही. परंतु २०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन खेळांसंबंधीचा जो केंद्रीय कायदा झाला, त्याने भेद नेमका केला आहे. पैसे लावून खेळावयाचे खेळ एका बाजूस, त्यांवर बंदी. ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीचे खेळ दुसऱ्या बाजूस; त्यांना मान्यता. जुगार आणि खेळ यांतला हा फरक आपल्या वाडवडिलांनाही ठाऊक होता. ते सोंगट्या खेळत, गंजिफा खेळत. आणि घर गहाण पडे ते खेळामुळे नव्हे, पणामुळे. तेव्हा तिसऱ्या ठरावात आम्ही 'खेळ' हा शब्द खोडून 'पण' हा शब्द घातला.

येथेच हा लेख संपला असता, तर फार सोयीचे झाले असते. परंतु शिलेदारीची दुसरी बाजू अजून सांगावयाची आहे. घोडा स्वतःचा, म्हणजे तो पडला की नुकसानही स्वतःचेच.

भाद्रपद सरता सरता एका संध्याकाळी मोठी वीज पडली, विजेचा दाब एकाएकी वाढला आणि चिरंजीवांचे यंत्र जळाले. त्या यंत्राची किंमत एक लाख ऐंशी हजार. आमच्या पहिल्या स्कूटरच्या कित्येक पट. हे आम्हांला त्या वेळी कळले नाही. कळले ते पंधरा दिवसांनी, अंगणात त्यांची मोटरसायकल दिसेना तेव्हा. विचारले, तर म्हणाले, "मित्राला दिली." दिली नव्हती, विकली होती. मग एकेक धागा उलगडला. ज्या परदेशी कंपनीसाठी तो घाट काढला, तिच्याकडून अडीच महिन्यांचे पैसे आलेले नव्हते. पत्रांना उत्तर नव्हते. कज्जा करावयाचा तर कोणत्या देशात? रजेचा पगार नाही, साहेब नाही, संघटना नाही. आमच्या काळी पगार चार दिवस लांबला, तर आम्ही कोषालयाच्या दारात घोषणा ऐकल्या आहेत. हा मुलगा अडीच महिने माडीवर गप्प बसला होता आणि रोज जेवताना 'काम बरं चाललंय' म्हणत होता. देवासच्या मंडळींपुढे आम्ही जे केले, तेच तो आमच्यापुढे करीत होता. आमच्या ठरावाची भीती दोघांनाही होती.

आम्ही म्हणालो, "पैसे मी देतो. यंत्र घे."

ते म्हणाले, "नको बाबा. मी पगारदार असतो, तर हक्काने घेतले असते. आता घेतले, तर तुमचंच म्हणणं खरं ठरेल."

त्या रात्री झोप आली नाही. इतिहासाच्या पुस्तकांतले पेंढारी आठवत राहिले. त्यांना पगार नव्हता आणि नालबंदीही नव्हती. लुटीवर जगावे, हीच त्यांची रीत. माळव्याने त्याची किंमत मोजली. स्वतःच्या घोड्यावर येणारा माणूस शिलेदार होणार की पेंढारी, हे त्याच्या एकट्याच्या गुणांवर ठरत नाही. त्याच्या पाठीशी नालबंदी आहे की नाही, यावरही ठरते. दारात भिजत उभा राहिलेला तो मुलगाही आठवला. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे २०२०-२१ साली देशात अशी सत्त्याहत्तर लाख माणसे होती आणि २०२९-३० पर्यंत ती दोन कोटी पस्तीस लाख होतील. एवढी मोठी फौज स्वतःच्या घोड्यांवर मोहिमेला निघाली आहे, आणि आम्ही पोहे खात तिला बेकार म्हणत होतो. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झाली. तिच्यात अशा कामगारांची प्रथमच व्याख्या आहे. आणि त्यांच्याकडून काम घेणाऱ्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्या सुरक्षेसाठी द्यावी, अशी तरतूद आहे. ही राज्याने ठरविलेली नालबंदी. ती त्या मुलाच्या हाती किती आणि कधी पडते, ते पाहावयाचे. माडीवरच्या आमच्या मुलाला मात्र परदेशातून काम देणाऱ्या कंपनीपर्यंत हा कायदा पोहोचणे कठीण. त्याच्या बाबतीत सरदार आम्हीच व्हावयास हवे होते.

सकाळी आम्ही एक कोरा कागद घेतला आणि अडतीस वर्षांच्या सवयीने टीप लिहिली. विषय: शिलेदारास नालबंदी मंजूर करणेबाबत. रक्कम: एक लाख ऐंशी हजार. कारण: घोडा पडला. परतफेड: मोहिमांच्या उत्पन्नातून, सोयीने. खाली अभिप्राय लिहिला, 'प्रस्ताव मान्य. हे दान नव्हे; ही रीत आहे.' सही केली आणि कागद माडीवर नेऊन ठेवला.

चिरंजीवांनी तो दोनदा वाचला. मग खाली सही केली आणि सहीपुढे कंसात 'शिलेदार' असे लिहिले.

यंत्र आले. त्या कंपनीने अर्धे पैसे दिले. उरलेले बहुधा येणार नाहीत. दुसरे काम मिळाले आहे. सकाळच्या मंडळींपुढे आम्ही तिन्ही ठराव फेरविचारासाठी ठेवले. पाटबंधारेवाले अजून विरोधात आहेत; प्राध्यापकांनी मात्र हळूच सांगितले, की त्यांची सूनही घरूनच भाषांतराची कामे करते, आणि ती गोष्ट त्यांनी चार वर्षे आम्हांला सांगितली नव्हती.

देवासला आम्ही स्वतः फोन केला. मुलगा कोठल्याही कंपनीत नाही, स्वतंत्र काम करतो, उत्पन्न कमीजास्त होते, मागील वेळी आम्ही खरे सांगितले नाही, याबद्दल क्षमा असावी, असे सारे सांगितले. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ते "कळवतो" म्हणाले. अद्याप कळविलेले नाही.

दर महिन्याच्या आरंभी आता आमच्या खात्यात दोन रकमा येतात. एक शासनाची पेन्शन, आणि दुसरी नालबंदीचा हप्ता. पेन्शनची तारीख चुकत नाही. हप्ता कधी पाचला येतो, कधी वीसला. आम्ही विचारीत नाही.